निळा येईपर्यंत

अक्का फ्लास्कला हात लावायच्या तो नेहमी उलटा. तळवा कधीच नाही, बोटांची मागची बाजू. तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तशी. क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या, "तापलंय. जरा दम खाऊ दे त्याला." किंवा, "थंड हाय. चालू दे तुजं." थर्मामीटर शेजारीच उभा असायचा. मी तो वाचून आकडा सांगितला की त्या मान हलवायच्या. थर्मामीटरलाही आता थोडंफार कळायला लागलंय, अशी ती मान असायची.

तुम्ही ज्या कॉलेजात शिकलात तिथेही अशी एखादी अक्का किंवा एखादे मामा असणार. कोणती बाटली कोणत्या कपाटात आहे हे फक्त त्यांनाच माहीत असतं, आणि ते रजेवर गेले की सगळा विभाग चावी हरवल्यासारखा फिरत राहतो. आमच्या रसायनशास्त्राच्या विभागात त्या अक्का होत्या. बारावी सायन्स झालेल्या. अटेंडंट म्हणून लागल्या आणि लॅब असिस्टंट होऊन निवृत्त झाल्या. मधली अठ्ठावीस वर्षं त्यांनी काचा धुतल्या, द्रावणं बनवली आणि आमच्यासारख्यांना स्वतःला जाळून घेण्यापासून वाचवलं.

आमचं कॉलेज कराडच्या बाहेर, उसाच्या शेतांना टेकून. मी साताऱ्याहून रोज एसटीने जायचे. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यात स्वभाव गप्प बसण्याचा. मराठी घरात बोलायचे, पण घराबाहेर तोंड उघडायचं म्हटलं की आधी इंग्रजी शब्द पुढे यायचा आणि मग लाज वाटून दोन्ही भाषा आत जायच्या. एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात माझा कोपर एका लोखंडी स्टँडला लागला आणि मी सवयीने त्याला "सॉरी" म्हणाले. पलीकडे अक्का ब्युरेट पुसत होत्या. त्यांनी स्टँडकडे नीट पाहिलं.

"त्याला लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. "लोखंडाचा हाय त्यो."

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी सॉरीबाई झाले. माझं खरं नाव त्यांना पाठ होतं, हजेरी त्याच भरायच्या. पण हाक मारताना, "सॉरीबाई, तुजं पाणी उकळलं गं." मला राग यायला हवा होता. आला नाही. वर्गात मला दुसरी कुठलीच हाक कुणी मारत नव्हतं.

अक्का मूळच्या दुष्काळी आटपाडीकडच्या, लग्न होऊन कराडजवळच्या मलकापुरात आलेल्या. त्या भागातून आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. ते नळ बंद करतं. रसायनाची वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती तासन्तास पाणी खेळवावं लागतं, आणि सगळीकडे ते पाणी सरळ बेसिनमध्ये सोडून देतात. अक्कांना ते बघवायचं नाही. त्यांनी दोन मोठ्या बादल्या आणल्या, कूलरमधला छोटा पंप आणला, आणि चार जणांच्या नळ्या एकामागे एक जोडून तेच पाणी दिवसभर फिरवत ठेवलं. एकदा एका मुलाने गुपचूप आपली नळी सोडवून नळाला लावली. अक्का त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"किती तास चालवणार?"

"सहा तास, अक्का."

"सहा तासात आमच्या गल्लीची आंघोळ झाली असती. म्हातारी माणसं धरून."

मुलाने नळी परत जोडली. आता तिकडे कालव्याचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, हे त्याच आम्हाला कौतुकाने सांगायच्या. पण वाहता नळ दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. दुसऱ्या विभागात जेवायला गेल्या तरी तिथले नळ बंद करून यायच्या.

त्यांच्या नाकाबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. झाकण उघडायच्या आधीच कोणत्या बाटल्यांची लेबलं अदलाबदल झालीत हे त्या सांगायच्या. आम्हाला मात्र काहीही हुंगू द्यायच्या नाहीत. "माजं नाक जुनं झालंय, काय व्हायचं त्ये झालं त्याचं. तुजं जपून ठेव." मोबाइलच्या बाबतीत त्याहून कडक. लॅबच्या दाराशी पत्र्याचा डबा ठेवलेला. फोन त्यात टाकल्याशिवाय आत पाऊल नाही, सर असोत की पाहुणे. सॉल्व्हंटची वाफ असते तिथे खिशात वाजणारं काही नको, हा त्यांचा नियम. त्यांनी स्वतःही तो कधी मोडला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लॅबची आणि व्याख्यानाच्या खोलीची भिंत एकच, वरती झडपांची खिडकी. पलीकडचा शब्द न् शब्द अलीकडे ऐकू यायचा. दरवर्षी आमचे सर तिथे ओझोनची एक अभिक्रिया शिकवायचे, आणि तास संपला की फळा अक्का पुसायच्या.

एका दुपारी काचा पुसता पुसता त्यांनीच विषय काढला.

"सर फळ्यावर एक कडं काढत्यात बघ. सगळ्या बाजू एका रेघेच्या, एकच बाजू दोन रेघांची."

"हो. सायक्लिक अल्कीन," मी म्हणाले.

"त्येच. मग ओझोन येतो. बरोबर ती दोन रेघांची बाजू मोडतो. कड्याची सरळ तार हुती, आन दोन्ही टोकांना एकेक ऑक्सिजन बसतो."

"दोन्हीकडे अल्डिहाइड होतं."

"हां. एवढं झालं की सर खडू झटकत्यात आन म्हणत्यात, काम संपलं की द्रावण निळं हुतं. अठ्ठावीस वर्षं म्हणत्यात." त्यांनी बीकर उजेडात धरला, डाग नाही बघून खाली ठेवला. "फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी बघितला. परीक्षानळीत चांदीचा आरसा बघितला. विटकरी, जांभळा, हिरवा, सगळं ह्या हातांनी धुतलं. ह्यो निळा तेवढा ऱ्हायला. आपल्याकडं ओझोनचं मशीनच न्हाई न्हवं."

ही तक्रार नव्हती. एखादं जवळचं गाव बघायचं राहून गेलंय, अशा सुरात त्या बोलत होत्या. पण मी गप्प बसणारी असल्यामुळे लोकांकडे जरा जास्त बघते, आणि मला दिसलं की 'ऱ्हायला' म्हणताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. निवृत्तीला तेव्हा सात महिने होते.

माझा प्रोजेक्ट त्याच अभिक्रियेचा निघाला. सरांनी मला एक कडं बनवायला सांगितलं, म्हणजे दोन वलयं एकमेकांना चिकटलेला एक रेणू. त्यातलं एक वलय ओझोनने नेमकं दुहेरी बंधापाशी उघडायचं आणि दोन्ही टोकांना अल्डिहाइड मिळवायचं. कडं बनवायला मला पाच महिने लागले. दोन वेळा सगळं काळं पडलं. शेवटी पांढरे स्फटिक मिळाले ते दोन ग्रॅमपेक्षा थोडे कमी. पुन्हा बनवायला वेळ उरला नव्हता. सरांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मित्राकडून ओझोनचं मशीन आठवडाभरासाठी मागून आणलं. सोमवारी आलं, शनिवारी सकाळी परत जाणार. आणि त्या महिन्याच्या अखेरीला अक्का निवृत्त होणार.

मशीन म्हणजे जुन्या टीव्हीएवढी स्टीलची पेटी. एका बाजूने ऑक्सिजन आत, दुसऱ्या बाजूने ओझोन बाहेर. अक्कांनी तिला कुंकवाचं बोट लावलं. नारळ फोडायचा त्यांचा विचार होता. सर म्हणाले, विजेच्या उपकरणाजवळ नारळाचं पाणी नको. अक्कांनी नारळ टेबलाखाली ठेवून दिला. "निळा आल्यावर फोडू," त्या म्हणाल्या.

बुधवारी मी अर्धा माल घेऊन बसले. फ्लास्क कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, उणे अठ्ठ्याहत्तरला. मशीनबरोबर आलेली खास नळी आखूड पडत होती. कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण सर परीक्षेच्या कागदांत बुडालेले, अक्का खाली स्टोअरमध्ये, आणि विचारायचं म्हणजे आधी तोंड उघडायचं. लॅबमध्ये लाल रबरी नळीचं भेंडोळं कायम असतं, गॅसला तीच, पाण्याला तीच. मी त्यातली हातभर कापून मध्ये जोडली आणि मशीन सुरू केलं.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. निळा येईना. फ्लास्कमधून बाहेर पडणारा वायू मी आयोडाइडच्या पाण्यात सोडला होता, ओझोन उरला की ते पिवळं पडतं. तेही बिनरंगीच. मला वाटलं, माल खूप आहे, वेळ लागत असेल. तेवढ्यात अक्का दारातून आत आल्या आणि वास येऊन पहिल्या पावलाला थांबल्या.

"बंद कर. आदी बंद कर, मग बोल."

मी मशीन बंद केलं. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, मला बाहेर व्हरांड्यात नेलं, आणि दहा मिनिटांनी परत येऊन ती लाल नळी दोन बोटांत धरून वाकवली. तिच्यावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. एका भेगेतून बोटाचं नख आत जात होतं.

"रबर खातो त्यो," अक्का म्हणाल्या. "कड्यातला जोड आन रबरातला जोड, त्याला एकच. दिसला की तोडायचा."

हे मला माहीत होतं. परीक्षेत मी यावर गुण मिळवले होते. रबराच्या रेणूतही तेच दुहेरी बंध असतात, हे मी नीटनेटक्या इंग्रजीत लिहिलं होतं, आणि तरी माझ्या हाताने तीच नळी जोडली होती. अर्धवट कापला गेलेला माल कशाच्याच उपयोगाचा नव्हता. मी बेसिनकडे तोंड करून उभी राहिले. अक्कांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. त्या माझ्या शेजारी येऊन फ्लास्क धुवायला लागल्या.

"अर्दा गेला," फ्लास्क निथळायला ठेवत त्या म्हणाल्या. "अर्दा हाय. आन पुढच्या वेळंला इचार. मी काय चावती का?"

"सॉरी अक्का."

"ह्ये स्टँडला म्हण."

मला हसू आलं. नाक वाहत होतं तरी आलं.

दुसऱ्या दिवशी त्या कराडच्या बाजारातल्या मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जाऊन सिलिकॉनची दोन मीटर नळी घेऊन आल्या. माशांच्या टाकीत हवा सोडतात ती. ओझोन तिला लवकर काही करत नाही. दुकानदाराने विचारलं होतं, टाकी केवढी आहे, मासे किती. अक्कांनी त्याला सांगितलं, "एकच हाय, लय बुजरा."

कोरडा बर्फ संपला होता. तो पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात एसटीच्या पार्सलने यायचा. शुक्रवारी सकाळी खोकं कॉलेजच्या गेटवर पोचलं, आणि गेटवर होते सुभेदार. म्हणजे आमचे वॉचमन. फौजेतून निवृत्त झालेले, मिशीला पीळ, रोजच्या नोंदवहीत वेळ चोवीस तासांत लिहिणारे. त्यांनी पाहिलं की खोक्याच्या फटीतून पांढरा धूर येतोय. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पोरांना मागे हटवलं, खोकं काठीने मोकळ्या जागेत सरकवलं, झाकण उडवलं आणि त्यात एकामागे एक चार बादल्या पाणी ओतलं.

आम्ही खिडकीतून पाहिलं तेव्हा गेट दिसतच नव्हतं. महाबळेश्वरला पावसाळ्यात दिसत नाही तसं. गुडघ्याएवढं धुकं रस्त्यावरून सरकत कँटीनपर्यंत आलं होतं, त्यात पोरं फोन वर धरून नाचत होती, आणि मधोमध सुभेदार रिकामी बादली घेऊन सावधान उभे होते. आम्ही धावत पोचेपर्यंत खोक्यात पाणी आणि लिंबाएवढे दोन तुकडे उरले होते.

"आग काबू में," सुभेदार म्हणाले.

अक्कांनी खोक्यात वाकून बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"आवं सुभेदार, बर्फ इजवला तुमी."

त्यांना समजावून सांगितल्यावर सुभेदारांचा चेहरा इतका पडला की अक्काच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पेटलं असतं तर तुमीच वाचवलं असतं." पण परत येताना जिन्यावर मी हिशोब केला. पुण्याहून दुसरं खोकं यायला शनिवार दुपार होणार होती आणि मशीन शनिवारी सकाळी जाणार होतं. माझ्या खिशात, म्हणजे ॲप्रनच्या खिशात, उरलेल्या अर्ध्या मालाची छोटी बाटली होती. मी ती सकाळपासून हातात धरून गरम करत होते.

लॅबच्या दाराशी अक्का थांबल्या. "त्येला थंडच पायजे न्हवं? बर्फच पायजे असं काय न्हाई."

"हो, पण इतकं थंड दुसरं काय..."

"द्रव नायट्रोजन."

"तो आपल्याकडे कुठून येणार?"

अक्का जरा घुटमळल्या. माझी इंग्रजी शाळा आणि माझे लाल होणारे कान त्यांना माहीत होते. "आमच्या शेजारी गुरांचं डॉक्टर हायत. दूध डेरीचं. त्यांच्या फटफटीला एक कॅन बांदल्याला असतो बघ. त्यात... म्हंजी गाई-म्हशींना गाभण करायला वळूचं जे लागतं, त्ये त्यात गोठवून ठेवत्यात. नायट्रोजनमदी."

माझे कान लाल झालेच. पण डोकंही चालायला लागलं. नायट्रोजन सरळ वापरता येत नाही, तो फार थंड, त्यात ऑक्सिजनच द्रव होऊन बसेल आणि ते धोक्याचं. पण इथाइल ॲसिटेटमध्ये थोडा थोडा ओतून ढवळला की त्याचा रबडीसारखा गोळा होतो आणि तो उणे चौऱ्याऐंशीला टिकून राहतो. हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी अक्कांना सांगितलं.

"मग सरांना फोन कर."

"तुम्ही करा ना अक्का. तुमचं ते ऐकतात."

"रसायन तुजं हाय. मी डॉक्टरला करती, तू सरांना कर."

सर त्या दिवशी सांगलीला परीक्षेच्या कामाला गेले होते. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. पहिलं वाक्य इंग्रजीत झालं, दुसरं मराठीत, तिसरं दोन्हीत. सर ऐकत राहिले. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. तापमान किती राहील. ऑक्सिजन द्रव होण्याची भीती आहे का. नायट्रोजन कोण ओतणार.

पहिल्या दोन्हींची उत्तरं मी दिली. तिसऱ्याचं दिलं, "अक्का."

"मग करा," सर म्हणाले. "शेजारच्या मॅडमना बोलावून घे, एकटी सुरू करू नकोस. मी निघतोच."

मी परत आले तेव्हा अक्का लॅबच्या दाराबाहेर उभ्या राहून आपल्या फोनवर बोलत होत्या. "आवं डॉक्टर, दोन लिटरनं काय हुतंय... न्हाई, म्हस न्हाई. पोरगी हाय... तसं न्हवं वो, पोरीचा प्रयोग हाय."

डॉक्टर अर्ध्या तासात आले. कॅन फटफटीच्या मागच्या सीटवर तान्ह्या बाळासारखा बांधलेला. त्यांनी स्वतः मोजून आमच्या थर्मासमध्ये ओतलं आणि झाकण लावताना मला बजावलं, "एवढंच हं ताई. बाकीच्यात आख्ख्या गावाच्या म्हशी हायत."

वाफ बाहेर खेचून घेणाऱ्या हूडच्या काचेमागे आम्ही मांडणी केली. सिलिकॉनची नळी, कोरडा फ्लास्क, उरलेला माल. शेजारच्या लॅबमधल्या मॅडम चष्मा लावून दाराशी उभ्या राहिल्या. अक्कांनी जाड हातमोजे घातले, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात लाकडी पळी. बारीक धारेने नायट्रोजन सोडत त्या इथाइल ॲसिटेट ढवळायला लागल्या. वाफ काठावरून खाली ओघळत होती. पातळ होतं ते जड झालं, मग दाटलं, मग पळीला धरायला लागलं.

"बासुंदी झाली," अक्का म्हणाल्या. "आता बसव तुजा फ्लास्क."

मी मशीन सुरू केलं. बुडबुडे आले. अक्का थर्मास घेऊन उभ्याच, बासुंदी पातळ वाटली की एक धार सोडायच्या. पाच मिनिटं. दहा. मी एकदा नळीकडे बघत होते, एकदा फ्लास्ककडे. अक्का फक्त फ्लास्ककडे. त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती, बहुतेक बुडबुडे मोजत होत्या. मॅडमनी विचारलं, किती वेळ लागेल. अक्कांनी आणखी एक धार सोडली.

अठरा मिनिटांनी मला वाटलं की आपल्या डोळ्यांना भास होतोय. द्रावणात काहीतरी होतं. पांढऱ्या भिंतीवर संध्याकाळी असतं तसं, आहे की नाही कळू नये इतकं. मग पुढच्या बुडबुड्यांबरोबर ते ठरलं. निळा. फिका, स्वच्छ, फ्लास्कच्या तळापासून मानेपर्यंत. आयोडाइडचं पाणी त्याच मिनिटाला पिवळं पडलं. कडं उघडलं होतं. कापायला काही उरलं नव्हतं म्हणून ओझोन आता नुसताच साठत होता.

मी ओझोन बंद केला.

अक्का पुढे झाल्या. हूडच्या काचेला कपाळ टेकेल इतक्या जवळ गेल्या. काचेवर त्यांच्या श्वासाचा गोल उमटला, तो त्यांनी पदराने पुसला आणि पुन्हा बघितलं.

आता इथे एक नियम आहे. निळा म्हणजे उरलेला ओझोन, आणि तो द्रावणात ठेवून चालत नाही. ऑक्सिजन सोडून लगेच हाकलायचा असतो, नाहीतर मिळवलेला मालच खराब करायला लागतो. अक्कांना हे माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकून माहीत होतं. मी नियम मोडणाऱ्यांतली नाही, ओळीत कुणी पुढे घुसलं तरी मी बोलत नाही. तरी मी म्हणाले,

"राहू दे अक्का थोडा वेळ. थंड आहे, काही होणार नाही."

त्यांनी मान हलवली. "तुजा माल हाय त्यात. पाच महिन्यांचा."

"फोन आणू का? फोटो काढू."

"लॅबमदी फोन न्हाई," त्या म्हणाल्या, आणि स्वतः हात पुढे करून ऑक्सिजनची चावी उघडली.

निळा हाकलायला ऑक्सिजन जोरात सोडायचा असतो. तीन-चार मिनिटांत काम होतं. अक्कांनी चावी इतकी कमी उघडली की बुडबुडा एक यायचा, विचार करायचा, मग दुसरा यायचा. अठ्ठावीस वर्षांत चावीवर त्यांच्या हाताचा अंदाज चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी ते पाहिलं. थर्मास त्यांच्या हातातून घेतला आणि बासुंदी पातळ होऊ नये म्हणून थोडी धार सोडत राहिले.

पंधरा मिनिटं लागली. शेवटी तो कधी गेला ते आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग मी डायमिथाइल सल्फाइड घातलं. अभिक्रिया अल्डिहाइडवर येऊन थांबावी म्हणून ते लागतंच, पण त्याचा वास सडक्या कोबीचा. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं की खाली काय मेलंय. सर धापा टाकत पोचले तेव्हा फ्लास्कमध्ये पाण्यासारखं बिनरंगी द्रावण होतं.

"आला होता?"

"आला हुता," अक्का म्हणाल्या, आणि टेबलाखालचा नारळ घेऊन बाहेर गेल्या. तो त्यांनी सुभेदारांकडून फोडून घेतला. खोबरं सगळ्यांना वाटलं, सुभेदारांना दोन वाट्या. त्या संध्याकाळी एसटीत माझ्या शेजारची सीट साताऱ्यापर्यंत रिकामी राहिली, इतका मला वास येत होता. मी खिडकीशी बसून खोबरं खात गेले.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा आलेख आला. नऊ पॉइंट सातच्या आसपास, जिथे अल्डिहाइड दिसायला हवं, तिथे दोन बारीक रेघा शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी अक्कांना कागद दाखवला. त्यांनी दोन्ही रेघांवर बोट ठेवलं. "ही ती दोन टोकं." मी हो म्हणाले. त्यांनी कागद घडी न करता परत दिला.

महिनाअखेरीला त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, सरांचं भाषण. अक्कांना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कपाटांच्या चाव्या तिसऱ्या ड्रॉवरमदी हायत," आणि खाली बसल्या. आता त्या आटपाडीजवळ माहेरच्या गावी, भावाच्या डाळिंबाच्या बागेशेजारी घर बांधून राहतात. त्यांच्या जागी आलेला बी.एस्सी. झालेला मुलगा चांगला आहे, मन लावून काम करतो. ओझोनचं मशीन पुन्हा आलेलं नाही.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी मला पहिला फोटो आला. भावाचं शेततळं, प्लास्टिक अंथरलेलं, वर आभाळ. खाली एकच शब्द: "असा?"

मी बराच वेळ बघितला. "नाही अक्का," मी लिहिलं. "याच्यापेक्षा फिका."

त्यानंतर भाचीचं लुगडं आलं, शाळेच्या मुलांचा गणवेश आला, दारावरच्या ऑइलपेंटचा नमुना आला, सकाळी सहा वाजताची एक भिंत आली. प्रत्येक वेळी, "असा?" भिंत खूप जवळची होती. पण तिच्यात थोडा राखाडी होता, आमच्या निळ्यात तो नव्हता. आम्ही दोघी सोडून याचा निर्णय दुसरं कुणी करू शकत नाही, मॅडमनी तर दारातूनच पाहिलं होतं. त्यामुळे मी घाईत उत्तर देत नाही. फोन खिडकीशी नेते, डोळे मिटते, आठवते, मग लिहिते. आता मी त्यांना लांब लांब मेसेज लिहिते, सगळे मराठीत.

काल आलेला फोटो वेगळा होता. पांढऱ्या भिंतीसमोर स्टुलावर काचेचा पेला, पेल्यात पाणी. शेजारी कपड्यांना घालायच्या निळीची बाटली आणि एक चमचा. अक्कांनी थेंब टाकून, पाणी वाढवून, रंग स्वतःच जुळवायला घेतला होता.

"आता?"

मी फोन उजेडात धरला. इतकं जवळ अजून काहीच आलं नव्हतं.

"एक चमचा पाणी अजून," मी लिहिलं.

लगेच त्यांच्या आवाजातला मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी जेवायला हाक मारत होतं.

"थांब गं," अक्का म्हणत होत्या. "घालती."